पांखरांची झोंप व बोरेल्ली

झाडावर झोंपलेलें पांखरूं रात्रीं खालीं कां पडत नाहीं, असें मुलें विचारतात, आणि आम्ही वडील माणसें बहुधा कांहीं तरी सांगून वेळ मारून नेतों. सतराव्या शतकांत इटालींतील एका गणितज्ञानें मात्र ह्या प्रश्नास आपल्या ग्रंथांत मानाची जागा दिली. त्याचें नांव जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली.

ह्याचा जन्म १६०८ सालीं नेपल्स शहरीं झाला. बाप स्पॅनिश सैन्यांतला शिपाई. त्याच्यावर राजद्रोहाचा संशय आल्यामुळें कुटुंबास वाईट दिवस पाहावे लागले. पुढें रोम येथें गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली ह्याच्यापाशीं बोरेल्ली गणित शिकला. हा कास्तेल्ली मठवासी संन्यासी होता. धर्म आणि शास्त्र ह्यांचें हाडवैर आहे असें समजणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. नंतर मेसिना येथें व १६५६ पासून पीसा येथें बोरेल्लीनें अध्यापन केलें. पीसास त्याची माल्पीगी ह्या वैद्याशीं मैत्री जडली, आणि गणित्याच्या घरीं प्राण्यांची चिरफाड सुरू झाली!

प्राण्याचें शरीर हें तरफांचें यंत्र आहे, हाड ही दांडी व सांधा हा तिचा टेंकू, असें धरून त्यानें हिशेब मांडले. स्नायु सांध्याच्या अगदीं जवळ जोडलेला असल्यामुळें हातानें उचललेल्या ओझ्याच्या कितीतरी पट जोर त्यास लावावा लागतो, हें त्यानें सिद्ध केलें. मनुष्यास पंख बांधून उडतां येणार नाहीं, कारण त्याच्या छातीचे स्नायु तेवढे बळकट नाहींत, हेंही त्याचेंच अनुमान.

आतां पांखरांकडे वळूं. पक्ष्याचा गुडघा मागें वांकतो असें आपण म्हणतों, पण तें खरें नव्हे. आपणांस दिसतो तो गुडघा नसून घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो, आणि पक्षी टांच उचलून केवळ बोटांवर चालतो. बेलों नामक फ्रेंच पंडितानें १५५५ सालींच मनुष्य व पक्षी ह्यांचे सांगाडे शेजारीं शेजारीं छापून हाडास हाड जुळवून दाखविलें होतें. बोरेल्लीचें लक्ष कंडरांवर, म्हणजे स्नायूंस हाडांशीं जोडणाऱ्या दोऱ्यांवर होतें. ह्या दोऱ्या घोट्याच्या मागून उतरून बोटांच्या टोंकांपर्यंत जातात. पक्षी खालीं बसला म्हणजे गुडघा व घोटा दुमडतात, दोरीस लांबचा वळसा पडून ती ताणली जाते, आणि बोटें आपोआप मिटतात. पक्ष्याचें वजनच त्याची मूठ आवळतें! ज्यांच्या घरीं कोंबडी शिजते त्यांनीं तिच्या कापलेल्या पायांतील पांढरी दोरी ओढून पाहावी.

ही उपपत्ति तीन शतकें निर्वेध चालली. परंतु २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, युरोपांतील स्टार्लिंग हे मैनेच्या कुळांतील पक्षी झोंपले असतां त्यांचे सांधे थोडेच वांकतात व बोटें फांदीस आवळलेलीं नसतात. ते तळव्याच्या गादीवर तोल सांभाळून झोंपतात. दोरीची रचना खरी, पण निद्रेंत सर्वच पक्षी तिच्यावर विसंबत नाहींत. बोरेल्लीस हें कळतें तर त्यानें लगेच नवा हिशेब मांडला असता, असें आम्हांस वाटतें.

१६६७ त तो मेसिनास परतला, पण स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या राजकारणांत त्याचा हात असल्याच्या संशयावरून त्यास सिसिली सोडावी लागली. रोममध्यें स्वीडनची माजी राणी क्रिस्तिना हिनें त्यास आश्रय दिला. तेथेंही दैव आडवें आलें. चाकरानें सर्व चीजवस्तु चोरून नेली. तेव्हां गरीब मुलांसाठीं मोफत शाळा चालविणाऱ्या पियारिस्ट पंथाच्या मठांत तो राहावयास गेला, व जगप्रसिद्ध पंडित असूनही तेथें गणित शिकवूं लागला. प्राण्यांच्या गतीवरील त्याचा ग्रंथ लिहून तयार होता. राणीनें छपाईचा खर्च पत्करला, पण १६७९ च्या डिसेंबरच्या ३१ व्या दिवशीं छातीच्या विकारानें बोरेल्लीचा अंत झाला. त्या पियारिस्ट बंधूंनींच हस्तलिखित छापखान्यांत पोंचविलें, आणि १६८० व १६८१ सालीं ग्रंथाचे दोन्ही भाग बाहेर पडले.