गणेश वासुदेव जोशी

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (९ एप्रिल १८२८ – २५ जुलै १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे वकील, समाजसेवक आणि स्वदेशीचे आद्य पुरस्कर्ते होते. पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील खटल्यात त्यांनी आरोपीचे वकीलपत्र घेतले.

पूर्वायुष्य आणि वकिली

जोशी यांचा जन्म सातारा येथे झाला. पुण्यात आल्यावर त्यांनी आरंभी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. वकिलीत त्यांचा चांगला जम बसला. तिच्या प्राप्तीतील मोठा भाग ते सार्वजनिक कामांवर खर्च करीत. लोकांच्या कामासाठी सदैव तत्पर असल्यामुळे ते ‘सार्वजनिक काका’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये पुण्यात स्त्री विचारवती सभा स्थापन केली.

सार्वजनिक सभा

पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्यातून झालेल्या चळवळीची परिणती २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेच्या स्थापनेत झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा सभेचा नियम होता. पक्षकाराने वकिलाला अधिकार द्यावा, तसा लोकांनी आपल्या प्रतिनिधीला लेखी अधिकार द्यावा, ही कल्पना त्यामागे होती. आरंभीच्या ९५ सभासदांकडे सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे होती. त्यामुळे सभेचे अर्ज हे मूठभर सुशिक्षितांचे मत आहे, असे म्हणणे सरकारला सोपे राहिले नाही.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आल्यावर सभेच्या कार्याला अभ्यासाची जोड मिळाली. शेतसारा व शेतकऱ्यांची स्थिती यांची सभेने चौकशी केली आणि १८७६–७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. कोर्टाचा खर्च टाळून तंटे आपसांत मिटावेत, यासाठी लवाद कोर्टही चालविण्यात आले. वकिलीवर उपजीविका असूनही काकांनी या उपक्रमाचा पुरस्कार केला.

स्वदेशी

काकांनी १८७२ मध्ये स्वदेशी वस्तू वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातीत. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीच्या वेषात उपस्थित राहिले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, अशी मागणी करणारे मानपत्र त्यांनी सादर केले.

फडके खटला

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. त्यापूर्वी मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या होत्या आणि शहरातील सुशिक्षित वर्गावर सरकारची करडी नजर होती. रानडे यांची बदली धुळ्यास झाली होती. रानडे यांची व्याख्याने आणि काकांचा स्वदेशीचा प्रचार यांचा फडके यांच्यावर प्रभाव पडलेला असल्याने काकांवरही संशय येणे स्वाभाविक होते.

अशा वेळी फडके यांच्या बाजूने उभे राहण्यात प्राप्तीची अपेक्षा नव्हती, धोका मात्र होता. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा आणि फडके यांचा सशस्त्र बंडाचा होता. तरीही आरोपीला बचावाची संधी मिळावी म्हणून काकांनी वकीलपत्र स्वीकारले. खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात चालला. फडके यांची रोजनिशी व त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त सरकारपक्षाच्या हाती असल्याने बचाव कठीण होता. नोव्हेंबर १८७९ मध्ये फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मृत्यू आणि वारसा

निकालानंतर वर्षभराच्या आत, २५ जुलै १८८० रोजी, काकांचे निधन झाले. त्यांच्या पश्चातही सार्वजनिक सभेचे कार्य चालू राहिले. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरविण्याचे ठरले होते आणि त्याची व्यवस्था याच सभेकडे होती. पटकीच्या साथीमुळे ते ऐनवेळी मुंबईस हलवावे लागले. काकांनी १८७२ मध्ये वैयक्तिक व्रत म्हणून स्वीकारलेली स्वदेशी १९०५ च्या वंगभंगानंतर देशव्यापी चळवळ बनली.