बाळू पालवणकर

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखीत आणि ग्रेगसाहेबांना तासन् तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच येई. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे!

१९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बरेचसे सामने संघ हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. मायदेशी त्यांचे सत्कार झाले. हिंदू संघाचे नायकपद मात्र त्यांना देण्यात आले नाही. १९२३ साली ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना.