पाषाणातील पर्णलिपी : आचार्य बिरबल साहनी

14 नोव्हेंबर हा दिवस आपल्या शाळांतून बालदिन म्हणून साजरा होतो. भारतीय विज्ञानातील एका थोर पुरुषाचाही जन्म त्याच तारखेला, 1891 साली झाला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे दगडांत शिल्लक राहिलेल्या प्राचीन वनस्पतींचा अभ्यास, या देशात रुजविणारे आचार्य बिरबल साहनी हे ते पुरुष होत.

आज पाकिस्तानात असलेले भेरा हे त्यांचे जन्मगाव. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. पुत्राने सनदी नोकरीत शिरावे ही त्यांची इच्छा, तर पुत्राचा ओढा वनस्पतींकडे. पित्याने आपला आग्रह सोडला, ही गोष्ट आजच्या पालकांनीही मनात घोळवावी अशी आहे. 1911 मध्ये बिरबल केंब्रिजला गेले. तेथे प्राध्यापक सीवर्ड यांच्या हाताखाली त्यांना जीवाश्मांची गोडी लागली आणि गुरु-शिष्यांनी मिळून भारतातील गोंडवन काळच्या वनस्पतींचे पुनर्परीक्षण केले.

1919 साली मायदेशी परतल्यावर त्यांनी अध्यापनाला आरंभ केला तो काशी हिंदू विश्वविद्यालयात. काशी म्हणजे दगडाचे नगर. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधविलेला मुन्शी घाट मराठी यात्रेकरूंना आपल्या मुलखाची आठवण करून देतो. गंगाकाठच्या या घाटांना चुनारचा वालुकाश्म वापरला आहे. भूमीवर झाडे उगवण्याच्या पुष्कळ आधी हा दगड तयार झाला. त्यात पानाफुलांचा शोध घेणे व्यर्थ. कोणत्या दगडाकडून काय अपेक्षावे हे जाणणे, ही या शास्त्राची पहिली पायरी. काशीतील त्यांचे वास्तव्य अल्पकाळचे ठरले. थोडे दिवस लाहोरला काढून 1921 मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

दुसरी पायरी अधिक कठीण. हाती आलेला दगड फोडावा की न फोडावा? पाटीच्या दगडासारखे थर असलेल्या खडकात पान दोन थरांच्या मध्ये दबलेले असते. छिन्नी थराच्या रेघेवर बेताने चालविली तर दगड पुस्तकासारखा उघडतो. एका फाळीवर ठसा, दुसरीवर त्याचा जोड. दोन्ही फाळ्या जपाव्या लागतात, कारण एकीवर न उमटलेली शीर दुसरीवर सापडते. घाव तिरका पडला तर लाखो वर्षे टिकलेले पान क्षणात चुरा होते. गारगोटीसारख्या कठीण दगडात तर छिन्नीचा उपयोगच नाही. त्यात खनिजाने वनस्पतीच्या पेशीपेशीत शिरून तिचे रूप राखलेले असते. असा दगड करवतीने कापून, त्याची चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागते. करवत जेथून जाते तेथला भाग कायमचा नाहीसा होतो. म्हणून आडवा छेद घ्यावा की उभा, हे आधीच ठरवावे लागते. नंतर पश्चात्ताप करून दगड सांधत नाही.

या विद्येचे उत्तम फळ मिळाले ते आपल्या शेजारी. छिंदवाड्याकडील सौंसर आणि मोहगाव कलान हा मराठी बोलणारा टापू. दख्खनच्या लाव्हारसाच्या दोन थरांमधल्या काळात येथील तळ्यांकाठी वनस्पती वाढल्या आणि गारगोटीत बंदिस्त झाल्या. ताडवर्गीय खोडे, पाण्यावर तरंगणारे अझोला हे नेचे, अनोळखी फळे, असे एक अख्खे रान साहनींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडाच्या चकत्यांतून उभे केले. मोहगावच्या एका फळाला साहनींनी एनिग्मोकार्पन, म्हणजे कोड्यात टाकणारे फळ, असे नाव दिले. नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी तेथल्याच एका फुलाला सानिअँथस हे नाव देऊन आचार्यांचा गौरव केला. तेव्हाच्या बिहारमधील राजमहाल टेकड्यांतील निपानियाच्या दगडांतून साहनींनी पेंटोझायली हा वनस्पतींचा संपूर्ण नवा गटच जगापुढे मांडला. खोड, पाने व बिया सुट्या सापडल्या असता त्या एकाच वनस्पतीच्या आहेत हे जुळविणे, यात त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी होती. 1936 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले.

त्याच वर्षी रोहतकजवळील खोकराकोट येथे त्यांना प्राचीन नाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले. नाणी काढण्यासाठी कारागिरांनी फोडून टाकलेल्या त्या खापऱ्यांवरून त्यांनी नाणी ओतण्याची कृती उलगडली आणि 1945 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचे प्रत्येक अनुमान टिकले असे नाही. पंजाबच्या मिठाच्या डोंगरातील सैंधव पाण्यात विरघळवून त्यांनी त्यातून वनस्पतींचे सूक्ष्म कण मिळविले आणि ते मीठ तुलनेने अलीकडच्या, इओसीन काळातील असल्याचे प्रतिपादन केले. बाहेरचे कण फटींतून आत शिरले असावेत, असे विरोधकांचे म्हणणे. वाद बराच रंगला. पुढे ते मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने असल्याचे सर्वमान्य झाले. दगडाच्या आत सापडले म्हणजे ते दगडाइतकेच जुने, असे नसते. एवढ्या जाणत्या पुरुषालाही तेथे चकवा बसला. तरी त्यांनी आपला पुरावा उघडपणे मांडला होता, म्हणूनच तो तपासता आला, हेही नोंदविले पाहिजे.

1946 मध्ये पुरावनस्पतिशास्त्राची स्वतंत्र संस्था लखनौत सुरू झाली. आपला ग्रंथसंग्रह आणि जीवाश्म त्यांनी तिला अर्पण केले. इमारतीची कोनशिला त्यांनी स्वतः घडविली. देशोदेशींचे 77 जीवाश्म सिमेंटमध्ये बसवून ती सिद्ध झाली. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंनी ती बसविली. त्यानंतर आठवडाभरातच, 10 एप्रिल रोजी, हृदयविकाराने आचार्यांचे निधन झाले. उभी राहावयाची इमारत त्यांना पाहावयास मिळाली नाही. संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली आणि त्यांच्या देखरेखीखाली ते काम पूर्ण झाले. संस्थेला आज आचार्यांचेच नाव आहे.