प्रूडन्स क्रॅन्डल बाईंची शाळा

कृष्णवर्णी व गौरवर्णी मुलांस एका शाळेंत बसूं द्यावें, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला. त्याच्या सुमारें १२० वर्षें आधीं एका खेडेगांवच्या शिक्षिकेनें ह्याच गोष्टीसाठीं जें सोसलें, तें वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

प्रूडन्सबाईंचा जन्म १८०३ सालीं ऱ्होड आयलंड प्रांतांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. १८३१ सालीं त्यांनीं कनेटिकट प्रांतांतील कॅन्टरबरी येथें मुलींची शाळा काढली, व ती उत्तम चालली. पुढल्या वर्षीं सारा हॅरिस नांवाची सुमारें वीस वर्षांची कृष्णवर्णी मुलगी त्यांजकडे आली. तिचा बाप शेतकरी. आपल्या लोकांच्या मुलांस शिकवितां येईल एवढें ज्ञान मिळावें, इतकीच तिची मागणी होती. बाईंनीं पवित्र शास्त्र उघडलें, तों उपदेशकाचा चवथा अध्याय निघाला. त्याच्या आरंभीं गांजलेल्यांच्या आसवांविषयीं लिहिलें आहे. त्यांनीं सारेस शाळेंत घेतलें. कांहीं मुली पूर्वीं गांवच्या शाळेंत तिच्याबरोबर शिकल्या होत्या. तक्रार आली ती आईबापांकडून. बाईंनीं तिला काढलें नाहीं, तेव्हां गौरवर्णी मुली गेल्या. गांवास वाटलें, शाळा संपली. पण एप्रिल १८३३ मध्यें बाईंनीं ती कृष्णवर्णी मुलींकरितांच पुन्हा उघडली. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरच्या शहरांतूनही मुली आल्या.

पुढील हकीकत लिहितांना संकोच वाटतो, कारण छळ करणारे लोक ख्रिस्ती म्हणविणारे होते. दुकानदार माल देईनात, वैद्य येईनात, उपासनामंदिराचें दार मुलींस बंद झालें. बाईंच्या विहिरींत शेण टाकण्यांत आलें. विहीर बंद होणें म्हणजे काय, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगावयास नको. बाईंचे वडील दुरून पाणी आणून पोंचवीत. मे महिन्यांत प्रांताच्या कायदेमंडळानें ठरविलें कीं, गांवाच्या परवानगीवांचून परप्रांतांतील कृष्णवर्णीयांस शिकवूं नये. जूनमध्यें बाईंस पकडून एक रात्र तुरुंगांत ठेविलें. पहिल्या खटल्यांत पंचांचें एकमत होईना. दुसऱ्यांत त्या दोषी ठरल्या. जुलै १८३४ मध्यें वरच्या न्यायालयानें कागदपत्रांतील उणीव दाखवून तो निकाल रद्द केला. ॲन एलायझा हॅमंड ह्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीस फटक्यांची धमकी देण्यांत आली, तरी ती शाळा सोडून गेली नाहीं. ह्या सर्व काळांत धडे चालूच होते.

न्यायालयांत साधलें नाहीं तें जमावानें साधलें. ९ सप्टेंबर १८३४ च्या रात्रीं लोकांनीं सोटे व लोखंडी कांबी घेऊन घरावर हल्ला केला व खिडक्यांचा चुरा केला. मुलींच्या जिवास धोका आहे हें पाहून बाईंनीं शाळा बंद केली. हा पराभवच होता. त्यास दुसरें नांव देणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

परंतु मुली शिकावयाच्या थांबल्या नाहींत. जूलिया विल्यम्स ही न्यू हॅम्पशर प्रांतांत कनान नांवाच्या गांवीं दोन्ही वर्णांच्या शाळेंत गेली. १८३५ सालीं तेथील लोकांनीं बैलांच्या जोड्या लावून शाळेची इमारतच पायावरून ओढून नेली! जूलिया तिसऱ्या शाळेंत गेली, आणि पुढें जमेका बेटांत तिनें स्वतः मुलींची शाळा चालविली. सारेनें आपल्या पहिल्या मुलीचें नांव प्रूडन्स क्रॅन्डल ठेविलें.

तो कायदा १८३८ सालीं रद्द झाला. बाई लग्नानंतर पश्चिमेकडे गेल्या, व वैधव्य आल्यावर कॅन्सस प्रांतांत राहिल्या. १८८६ सालीं कनेटिकटच्या कायदेमंडळानें त्यांस सालीना ४०० डॉलर देण्याचें ठरविलें. त्यासाठीं अर्ज केला तो कॅन्टरबरीच्याच रहिवाशांनीं. १८९० सालीं बाई एल्क फॉल्स येथें वारल्या. कॅन्टरबरींतील त्यांचें घर आतां संग्रहालय आहे.