यॉट क्लबाच्या वास्तूतील विज्ञानयज्ञ

अपोलो बंदरावरील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला. शिडाच्या नौकांच्या शर्यतींसाठी ख्यातनाम असलेल्या या क्लबाचे सदस्यत्व ब्रिटिश अमदानीत भारतीयांना मिळत नसे.

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतच झाला. केंब्रिजमध्ये शिकलेल्या भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवास भोगलेल्या पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा त्यांच्यावर सोपविली. पुढच्याच वर्षी संस्था यॉट क्लबाच्या जुन्या इमारतीत आली आणि गोऱ्या साहेबांच्या दालनांत तरुण भारतीय शास्त्रज्ञ विश्वकिरणांचा वेध घेऊ लागले.

१९६२ मध्ये संस्था कुलाब्याच्या नव्या वास्तूत गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघाताने भाभांना हिरावून नेले. जुन्या वास्तूत मात्र अणुऊर्जा खात्याचा कारभार पुढेही चालू राहिला.