क्रुसाची संत तेरेजा बेनेडिक्टा (एडिथ स्टाईन)

९ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा क्रुसाची संत तेरेजा बेनेडिक्टा यांचा स्मृतिदिन पाळते. जगाला त्या एडिथ स्टाईन या नावाने अधिक परिचित आहेत.

१२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे एका धर्मनिष्ठ यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत त्या शेंडेफळ. त्या दोन वर्षांच्या असताना वडील वारले. लाकडाचा व्यापार आईने सांभाळला. कुमारवयात एडिथ यांनी प्रार्थना सोडून दिली. तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांच्याकडे शिकत असताना पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा १९१५ साली त्यांनी रेडक्रॉसच्या इस्पितळात साथरोग्यांची शुश्रूषा केली. १९१६ साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे अंतःकरण आपल्याला कसे उमगते, हा होता. पुढच्याच वर्षी त्यांचे शिक्षक अॅडॉल्फ रायनाख रणांगणावर पडले. त्यांच्या पत्नीची शोकातील श्रद्धा पाहून एडिथ अंतर्मुख झाल्या. अविलाच्या संत तेरेजा यांचे आत्मचरित्र वाचल्यावर १ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. आईच्या जिव्हारी हा घाव लागला.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले. त्याच एप्रिलमध्ये एडिथ यांनी पोप अकरावे पायस यांना पत्र लिहून यहुद्यांच्या छळाविरुद्ध ख्रिस्तसभेने उघडपणे बोलावे अशी विनवणी केली. उत्तरी आशीर्वाद आला, जाहीर निषेध आला नाही. हे पत्र व्हॅटिकनच्या दप्तरखान्यातून २००३ साली अभ्यासकांना खुले झाले. ते वाचताना धर्मगुरूलाही मान खाली घालावीशी वाटते.

ऑक्टोबर १९३३ मध्ये त्या कोलोनच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. १९३८ च्या अखेरच्या दिवशी त्यांना सुरक्षिततेसाठी नेदरलँड्समधील एख्त येथील मठात हलविण्यात आले. पुढे त्यांची बहीण रोझाही तेथे आली. १९४० साली जर्मन फौजा त्या देशातही शिरल्या.

१९४२ च्या जुलैमध्ये यहुद्यांची पाठवणी सुरू झाली. बाप्तिस्मा घेतलेल्यांना वगळण्याची तयारी जर्मनांनी दाखविली. बदल्यात ख्रिस्तसभेने जाहीर वाच्यता करू नये, ही अपेक्षा होती. आर्चबिशप योहानेस डी योंग आणि त्यांचे सहकारी बिशप यांनी ती जुमानली नाही. २६ जुलै रोजी सर्व कॅथलिक चर्चमधून निषेधाचे पालकीय पत्र वाचले गेले. २ ऑगस्ट रोजी सूड उगवला: यहुदी वंशाच्या दोनशेहून अधिक कॅथलिकांना अटक झाली. त्यांत या दोघी बहिणी होत्या. एडिथ यांनी नऊ वर्षांपूर्वी मागितलेला आवाज अखेर उठला, आणि त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. बिशपांनी गप्प राहायला हवे होते, असे काही जण आजही म्हणतात. मला ते पटत नाही. नेदरलँड्समधून एक लाखाहून अधिक यहुदी नेले गेले. त्यांतील बहुतेकांना बाप्तिस्म्याचा आडोसा कधीच नव्हता.

६ ऑगस्ट रोजी वेस्टरबोर्क छावणीतून एडिथ यांनी मठात चिठ्ठी पाठविली. उद्या गाडी निघणार, लोकरी मोजे व दोन घोंगड्या हव्यात. रोझापाशी दात घासण्याचा ब्रश नाही, क्रूस नाही, रोझरी नाही. स्वतःसाठी त्यांनी दैनिक प्रार्थनाग्रंथाचा पुढील खंड मागितला.

९ ऑगस्ट रोजी आउश्वित्झ-बिर्केनाऊ येथे विषारी वायूने दोघींचा अंत झाला. ११ ऑक्टोबर १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी एडिथ यांना संतपद बहाल केले.

त्याआधी, फेब्रुवारी १९५० मध्ये, नेदरलँड्सच्या राजपत्रात मृतांची यादी छापून आली होती. तिच्यात एडिथ यांची एकच ओळ आहे: नाव, जन्मतारीख, ब्रेस्लाऊ, एख्त, मृत्यूची तारीख. मठातील नाव तेथे नाही.