खाशाबांना डाव कमी पडला की दम?

साल १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात कुस्त्या जिंकत शेवटच्या तिघांत पोचले होते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत वाढलेल्या या गड्यानं मॅटवर सहावा क्रमांक मिळवला. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली. त्यात खाशाबा हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवविरुद्ध पुकारा झाला. नियमानुसार मधे किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण हे ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

अर्ध्या तासानं असा काय फरक पडतो? झटापटीत स्नायूंमधली झटपट वापरायची ऊर्जा संपत जाते. ती पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो आणि वेळही लागतो. तोवर पकड सैल पडते, हालचाल मंदावते. डाव डोक्यात असतो, पण हातापायांत उतरत नाही. ज्याचा दमसास चांगला, तो लवकर सावरतो. पण कितीही दमदार पैलवान असला तरी त्याला उसंत लागतेच.

फुटबॉलमध्येही हेच दिसतं. नॉर्वेच्या तरुण खेळाडूंवरचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे दम वाढवणारा सराव केल्यावर सामन्यात त्यांचा चेंडूशी संबंध २४ टक्क्यांनी वाढला. किकचा वेग मात्र तेवढाच राहिला. म्हणजे दम कौशल्य शिकवत नाही, ते वापरायची संधी वाढवतो.

खाशाबांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. पुढे ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

घर गहाण ठेवणारा माणूस त्यांना गावाकडे भेटला. हक्काचा अर्धा तास मागणारा मात्र हेलसिंकीत कुणी नव्हता.